पोटभर म्हणजे किती?

आमच्या बीडला बायकांनी बाहेर जेवायचं म्हणजे पूर्वी दोनच निमित्तं असायची. एक तर लग्नाचा बस्ता, नाहीतर दवाखान्याची चक्कर. बस्ता बांधून झाला की सगळं लटांबर स्टँडकडच्या एखाद्या हॉटेलात शिरायचं. बायकांना 'फॅमिली रूम'मध्ये बसवायचे. फॅमिली रूम म्हणजे काय, तर एक पडदा, चार खुर्च्या आणि न फिरणारा पंखा! काय मागवायचं ते पुरुषमंडळी ठरवायची, बिलही तेच द्यायचे, आणि आपण पडद्याआड 'बास बास, मला अर्धीच पुरे' म्हणत जेवायचो.

तो पडदा गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. चायनीजच्या गाड्या आल्या, लालभडक मंचुरियन आलं, पाठोपाठ मोमोज आले. आणि गेल्या वर्षी आषाढ सरता सरता माझी लेक मोबाइल नाचवत स्वयंपाकघरात आली.

"आई, हे बघ! १९९ रुपयांत अनलिमिटेड चायनीज डम्पलिंग्ज! आपल्या बीडमध्ये!"

"डम्पलिंग म्हणजे काय गं?"

"मोमोसारखंच गं. आत सारण, वरून पारी आणि वाफवलेलं."

"आणि अनलिमिटेड?"

"म्हणजे कितीही खा. पैसे तेवढेच."

कोपऱ्यात शेंगा फोडत बसलेल्या माझ्या सासूबाईंनी मान वर केली. "कितीबी?"

"हो आज्जी, कितीपण."

"आन् त्येला परवडतंय कसं?"

पंचाहत्तरीच्या आमच्या आत्याबाई शाळेत दुसरीपर्यंतच गेलेल्या. पण हॉटेलच्या धंद्यातला सगळ्यात अवघड प्रश्न त्यांनी एका दमात विचारून टाकला. त्याचं उत्तर मला तिथं गेल्यावर मिळालं. आणि खरं सांगते मैत्रिणींनो, ते उत्तर अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही.

त्या आठवड्यात मी जरा खट्टूच होते. सारखी धाप लागते, जिना चढवत नाही म्हणून रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन ९! डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला आणि "काय खाता?" असं न विचारता "जेवता कधी?" असं विचारलं. मी म्हटलं, "सगळ्यांचं झालं की." त्या काही बोलल्या नाहीत. गोळ्या लिहून दिल्या आणि चष्म्यावरून नुसतं बघितलं. लेक सोबत होती. तिनं ते ऐकलं आणि बहुधा तेव्हाच मनात काहीतरी ठरवलं. कारण रविवारी तिनं मला, माझ्या जाऊबाईंना आणि आत्याबाईंना अशा तिघींना रिक्षात घातलं आणि थेट त्या दुकानात नेऊन बसवलं. पैसे तिच्या शिकवणीच्या कमाईतले!

दुकान छोटंसंच. सहा टेबलं, काचेपलीकडं ॲल्युमिनियमच्या चाळण्यांची उतरंड आणि त्यातून निघणारी वाफ. भिंतीवर नियम लिहिलेले : वेळ दीड तास. टेबलावर बसलेल्या प्रत्येकाचे पैसे पडतील. ताटात टाकल्यास ५० रुपये जादा. पार्सल मिळणार नाही. शेवटचा नियम वाचून जाऊबाई हळूच माझ्या कानाशी लागल्या, "पर्समधला डबा आता राहू दे पर्समध्येच!"

पहिली ताटली आली. पांढरीशुभ्र, अर्धचंद्राच्या आकाराची, एका कडेला बारीक चुण्या घातलेली आठ डम्पलिंग्ज. सोबत लाल चटणी आणि सोया सॉसची वाटी. आत्याबाईंनी एक उचलून उजेडाकडं धरलं, चुण्या मोजल्या, बोटानं दाबून बघितलं आणि जाहीर केलं, "ह्ये तर आपलं दिंडच की गं!"

आम्ही हसलो, पण त्यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. आमच्याकडं नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. मग सणाचं गोड कसं करायचं? तर वाफेवर! कणकेची लहान पोळी लाटायची, मधोमध पुरण ठेवायचं, चारी बाजूंनी घडी घालून पुडी करायची आणि चाळणीत ठेवून उकडायची. झाले पुरणाचे दिंड. काही घरी त्याच दिवशी कानोलेही करतात. कोकणात जे तांदळाच्या उकडीचा मोदक करतो, ते आमच्या कोरडवाहू मुलखात गव्हाचं दिंड करतं. आणि उत्तर चीनमध्ये तेच काम डम्पलिंग करतं. तोही आपल्यासारखाच गव्हाचा मुलूख. भात मुख्यतः दक्षिणेकडचा.

चिनी लोक या पदार्थाला 'ज्याओझ' म्हणतात. त्याची एक छान कथा सांगतात. साधारण अठराशे वर्षांपूर्वी झांग झोंगजिंग नावाचे एक वैद्य होते. कडाक्याच्या थंडीत गोरगरिबांचे कान गारठून फुटलेले त्यांनी पाहिले. मग त्यांनी मटण आणि औषधी मसाले शिजवून, कणकेच्या पारीत भरून, कानाच्या आकाराच्या पुड्या केल्या आणि गरम रश्श्यासोबत लोकांना वाटल्या. दंतकथाच ती. पण आपल्या कानोल्याच्या नावातही 'कान' आहेच की! दंतकथा सोडून द्या, पण पदार्थ जुना आहे हे मात्र पक्कं. चीनच्या शिनजियांग प्रांतात तुरफानजवळच्या अस्ताना इथल्या थडग्यांमध्ये तांग राजवटीच्या काळातली, म्हणजे अकराशे ते चौदाशे वर्षांपूर्वीची डम्पलिंग्ज सापडली आहेत. तिथल्या कोरड्या हवेनं ती दगडासारखी वाळून टिकली.

चिनी नववर्षाच्या आदल्या रात्री उत्तर चीनमध्ये सगळं घर एकत्र बसून ज्याओझ करतं. एक जण लाटतो, दुसरा भरतो, तिसरा मिटतो. एखाद्यात नाणं लपवतात. ज्याच्या वाट्याला ते येईल, त्याचं वर्ष भाग्याचं. आपल्याकडं येणारा मोमो मात्र थेट चीनमधून नाही, तिबेट-नेपाळच्या वाटेनं आला. १९५९ नंतर तिबेटी निर्वासित भारतात आले आणि त्यांच्याबरोबर तो गावोगाव पसरला. आणि मंचुरियन? ते तर आपलंच! कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वँग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लबात पहिलं चिकन मंचुरियन केलं, असं सांगतात.

हे सगळं लेक आम्हाला मोबाइलवर वाचून दाखवत होती. मी ऐकत होते, पण लक्ष होतं आत्याबाईंच्या ताटलीकडं. त्यांनी चार खाल्ली होती आणि हात पुसून बसल्या होत्या.

"झालं माझं."

जाऊबाई सहावर थांबल्या. "पुरे बाई. घरी जाऊन परत स्वयंपाक करायचाय." मी पाचावर. लेकीची आठ झाली होती. म्हणजे चौघींत मिळून तेवीस.

शेजारच्या टेबलावर कॉलेजची चार पोरं बसली होती. त्यांच्यापुढं ताटल्यांचा ढीग वाढत होता. पैज लागली होती बहुतेक. एक जण मोठ्यानं ओरडला, "तीस!" आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुकान चालवणारा मुलगा आमच्याजवळ आला. पंचविशीतला असेल. केज तालुक्यातल्या एका खेड्यातला. पुण्यात एका हॉटेलात चार वर्षं काम करून ही विद्या शिकून आलेला. "आजी, एवढ्यावरच? आवडलं नाही का?"

"आवडलं की. पन मला सांग बाबा, कितीबी खा म्हनतोस, तुला परवडतंय कसं?"

पोरगा हसला. खुर्ची ओढून बसलाच. "आजी, खरं सांगू का? ही असली पोरं आली की तोटाच होतो. पण फॅमिली आली की भरून निघतं. बायका आठ-धावर थांबतात. कुणी कुणी तर पाचावरच. बायकांच्या जिवावरच चाललंय बघा दुकान!"

तो अगदी मोकळेपणानं, कौतुकानंच बोलला. त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. हिशेबच तो. 'कितीही खा'च्या धंद्यात भाव ठरतो तो सरासरीवर. जास्त खाणाऱ्याचं कमी खाणारा भरतो. १९४०च्या दशकात अमेरिकेत लास व्हेगासच्या एका हॉटेलानं रात्री उशिरापर्यंत जुगार खेळणाऱ्यांनी बाहेर जाऊ नये म्हणून अशी मांडणी सुरू केली. १९५८ मध्ये टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलनं 'व्हायकिंग' नावानं जपानमध्ये ती आणली. हिशेब सगळीकडं तोच. मैदा, कोबी, बटाटा अशा स्वस्त आणि पोटाला तड लावणाऱ्या गोष्टी जास्त, आणि गिऱ्हाइकांत भरपूर खाणाऱ्यांच्या जोडीला हात आखडून खाणारेही हवेत.

पण मी मनात आकडेमोड केली आणि गप्प झाले. आम्ही चौघींनी मिळून ७९६ रुपये दिले होते आणि तेवीस खाल्ली होती. त्या एका पोरानं १९९ रुपयांत तीस! आणि मग विचार आला, हे फक्त या दुकानात चालतं का? आपल्या घरांतही हाच हिशेब नाही का चालत? भाजी कमी पडली की कुणाच्या ताटात कमी पडते? पाहुणा अवचित आला तर कुणाची पोळी त्याच्या ताटात जाते? घरखर्च 'बसतो' तो कुणाच्या कमी खाण्यावर बसतो?

हे माझं मनातल्या मनात चाललं होतं. आत्याबाई मात्र सरळ बोलून मोकळ्या झाल्या. "म्हंजी आमचा वाटा ती पोरं खायलेत की!"

सगळं दुकान हसलं. ती पोरंसुद्धा. आत्याबाईंनी ताटली पुढं सरकवली. "आण रं बाबा आनखी."

"आत्याबाई, त्रास होईल. मैद्याचं आहे," मी म्हटलं.

"व्हऊ दे. तरास उपाशी राहून बी व्हतोच."

आणि त्या जेवल्या. घाईघाईनं नाही. एकेक डम्पलिंग चटणीत जरासं बुडवून, नीट चावून, आरामात. पनीरची चार, मग मक्याची चार. एकूण बारा. तीस वर्षं मी या घरात आहे, पण आत्याबाईंना अशा टेकून बसून जेवताना मी कधी पाहिलं नव्हतं. आम्ही पाहिलं होतं ते त्यांना पातेलं निपटून खाताना. आधी दीर, सासरे, मग पोरं, मग नातवंडं, मग "मला लागतंय कितीसं!"

जेवण झाल्यावर बडीशेप चघळत त्या म्हणाल्या, "बाहत्तरच्या दुष्काळात मी बावीस वर्साची होते. खडी फोडायला जायचो आमी. कामावर सुकडी मिळायची. ती पदरात बांधून घरी आणायची. सासू, सासरे, लहानी दोन दिरं, तुजा नवरा तर तान्हा. आधी त्यास्नी. मग माझ्या हाताला जे चिकटलेलं आसंल ते. रेशनला ती लाल मिलो यायची, तिची भाकर थापली की तुटायची. तुटका तुकडा माझा." थोडा वेळ थांबल्या. "दुष्काळ गेला गं. पन सवय ऱ्हायली."

जाऊबाईंनी डोळ्यांना पदर लावला. माझी लेक आजीचा हात धरून बसली होती. मी काय बोलणार? मी तर दुष्काळ पाहिलेलाही नाही. माझ्या घरात गॅस आहे, फ्रीज आहे, धान्य भरलेलं आहे. तरी मी ओट्याजवळ उभी राहून, उरलेल्या भाजीत पोळी बुडवून जेवते. दुष्काळ त्यांनी सोसला आणि सवय मात्र आम्हाला वारशात मिळाली, पाटल्या-बांगड्यांसारखी!

ही एकट्या आमच्या घरची गोष्ट नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांहून जास्त जणींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी, म्हणजे ॲनिमिया आढळला. निम्म्याहून जास्त! आपल्या जिल्ह्यातून तर दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रकच्या ट्रक भरून माणसं ऊसतोडीला जातात. तिथली बाई पहाटे अंधारात उठून भाकरी थापते, दिवसभर मोळ्या उचलते आणि रात्री सगळ्यांच्या मागून जेवते. तिच्यापुढं माझी धाप म्हणजे काहीच नाही.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पोट भरलं म्हणजे रक्त भरलं असं नाही. मैद्याची पारी आणि कोबीचं सारण महिन्यातून एकदा गंमत म्हणून ठीक. पण हिमोग्लोबिनला हवी बाजरीची भाकरी, पालेभाजी, डाळी-उसळी, अळीव, चालत असेल तर अंडी-मटण आणि त्यावर पिळलेलं लिंबू. लिंबानं लोह अंगी लागायला मदत होते. आणि जेवणावर लगेच चहा प्यायची आपली जी सवय आहे ना, ती उलटं काम करते. तासभर तरी थांबा. आकडा कमी असेल तर नुसत्या खाण्यावर विसंबू नका, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या नेमानं घ्या. त्या अनलिमिटेड दुकानानं मला लोह दिलं नाही. दिला तो फक्त हिशेब. आणि तो मला हवाच होता.

बाईनं दुसऱ्याला पोटभर वाढावं, याचं आपल्याकडं भारी कौतुक. मुंबईत गिरणी कामगारांच्या खानावळी चालवणाऱ्या बायकांनी वर्षानुवर्षं हजारो कामगारांची पोटं भरली. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना 'अन्नपूर्णा महिला मंडळा'त एकत्र आणलं, बँकेची कर्जं मिळवून दिली, तेव्हा कुठं सावकाराच्या तावडीतून त्या सुटल्या. अन्नपूर्णा म्हणून आपण तिला हात जोडतो. पण अन्नपूर्णेचं स्वतःचं ताट कोण वाढतं, हे विचारायचं राहूनच जातं.

पंधरा दिवसांनी नागपंचमी आली. आदल्या दिवशीच पुरण शिजवून, वाटून ठेवलं होतं. सकाळी मी कणीक मळली, जाऊबाई लाटायला बसल्या. दरवर्षी आम्ही दिंड करतो, पण मोजत कधीच नाही. पुरुष आणि पोरं जेवतात, मागं राहतील ते बायकांचे. कधी दोन राहतात, कधी एकच, तेही फुटलेलं.

या वेळी आत्याबाई पाटावर येऊन बसल्या. "घरात मानसं किती?"

"आठ."

"मग पाच-पाचच्या हिशेबानं चाळीस कर. आन् तिघींचे आन् लेकीचे मिळून वीस आधी डब्यात काढून ठेव. मग वाढ."

"आधी काढून?" जाऊबाईंना धक्काच बसला. "देवाचं झाल्याबिगर?"

"नैवेद्य दावा की पयला. देवाचं झालं की आपलं काढा. देव काय नाही म्हनत न्हाई."

तसंच केलं. आणि एवढ्यावर आत्याबाई थांबल्या नाहीत. त्यांनी आठही ताटं एकदमच मांडायला लावली. वाढायचं काम माझ्या दिराकडं आणि जाऊबाईंच्या थोरल्या मुलाकडं आलं. पोरगं तूप वाढताना अर्धं जमिनीवर सांडत होतं, तरी आम्ही कुणीही उठलो नाही. उठायची इतकी सवय असते ना, की बसून राहायलाच जोर लावावा लागतो!

पाच दिंडं संपल्यावर माझ्या नवऱ्यानं सवयीनं हाक मारली, "आणखी आहेत का?"

"संपले," आत्याबाई म्हणाल्या. स्वतःचं पाचवं दिंड त्यांनी तुपात बुडवलं आणि शांतपणे तोंडात टाकलं.

नवरा जरा बावरला, मग हसला. "पुढच्या वर्षी सहाच्या हिशेबानं करा."

"करू," मी म्हटलं, "पण लाटायला तुम्हीही बसायचं. चीनमध्ये सगळं घर बसतं म्हणे!"

तीन महिन्यांनी परत रक्त तपासलं. ९ चे साडेदहा झाले होते. श्रेय गोळ्यांचं आहे, ते गोळ्यांनाच देते. पण डॉक्टरीणबाईंनी या वेळीही तोच प्रश्न विचारला, "जेवता कधी?" आणि मी सांगितलं, "सगळ्यांबरोबर."

मैत्रिणींनो, त्या १९९ रुपयांच्या दुकानात तुम्ही जा किंवा जाऊ नका. पण एक दिवस आपल्या घरात भाकरी आणि भाजी मोजून बघा. किती केली, कुणी किती खाल्ली, आणि आपल्या वाट्याला काय आलं. आकडा लिहून ठेवा. मग दुसऱ्या दिवशी आपला वाटा आधी काढून ठेवा आणि सगळ्यांबरोबर बसा. बिल आपण रोजच भरतो आहोत. तर मग पोटभर जेवूया तरी!